कर्ण्यामागची जागा

आईचा आवाज आपल्याला आठवत नाही, हे कल्याणीला कणीक मळताना कळलं.

सुंदराबाईंना जाऊन पाच महिने झाले होते. कणीक मळायला घेतली की त्या मागून म्हणायच्या, "पाणी बेतानं गं, बाई." शब्द तेवढे आठवले. ते म्हणणारा आवाज नव्हता. ऑफिसातल्या फळ्यावरची सूचना वाचावी तसे ते शब्द नुसते समोर उभे राहिले. कल्याणीनं हात धुतले, पुन्हा प्रयत्न केला. काही नाही. मग तिनं पोळ्या केल्या.

ती पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होती. लग्न मोडून पंधरा वर्षं झाली होती आणि बिबवेवाडीतल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती आईवडिलांपाशीच राहत होती. आई गेली तेव्हा तिनं सगळं नेटकं केलं. जलदानविधीच्या दिवशी सतरंज्या, पाण्याचे जार, भन्तेजींना न्यायला-आणायला गाडी, कुठे काही कमी पडलं नाही. रडली मात्र नाही. लोक म्हणाले, लेक धीराची आहे. धीर कसला? मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, आपलाच आहे ना हे हात लावून बघावं लागतं, तशी ती आतून झाली होती. पायाला निदान थोड्या वेळानं मुंग्या तरी येतात. तिला पाच महिने झाले, मुंगी म्हणून आली नव्हती.

आवाजाची एक खूण घरात होती. एक कॅसेट.

वडील, भीमराव, तीस-पस्तीस वर्षं लाउडस्पीकरचा धंदा करायचे. 'सुंदरा साउंड सर्व्हिस'. जयंती, गायन पार्टी, लग्न, शाळेचं स्नेहसंमेलन. सायकलवर कर्णे बांधून ते धायरीपासून खेड-मंचरपर्यंत गेलेले. त्यांचा एक नेम होता. कर्णे चढले, मशीन तापलं की माइकवर पहिला आवाज सुंदराबाईंचा. पुढारी असो नाहीतर नवरदेव, त्याच्या आधी ही. लोक 'हॅलो हॅलो' करतात, त्या ओवी म्हणायच्या. एका चैत्रात त्यांना भावाच्या लग्नाला माहेरी राहावं लागलं, आणि नेम मोडू नये म्हणून भीमरावांनी त्यांची ओवी कॅसेटवर घेतली. तीच ही कॅसेट.

कल्याणीनं रविवार पेठेतल्या एका दुकानातून ती मोबाइलवर उतरवून आणली. ओट्याशी उभं राहून ऐकली. एक बारीक, किनरा आवाज येऊन गेला. रिक्षाच्या रेडिओवर कुणीतरी गावं तसा. तिनं तीनदा ऐकला. मग वडिलांच्या कानाशी धरला.

"दादा, ही आई आहे ना?"

भीमरावांनी ऐकलं. चष्मा पुसला. "त्या डबीत माझी बायको कशी मावेल?" ते म्हणाले. "कर्णे काढ माळ्यावरनं."

"घरात? कर्णे?"

"मग काय पर्वतीवर जाऊ या वयात?"

कल्याणी एरवी नाही म्हणाली असती. पण आवाज हरवला आहे हे तिला कळलं होतं, आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही, याचीच तिला आता भीती वाटत होती. तेवढी एक भीती शिल्लक होती. तिनं स्टूल आणलं.

कर्णे दोन होते. चार-चार फुटांचे, सरळ, जुन्या घडणीचे, तोंड परातीएवढं. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. कल्याणीनं लुगडं सोडलं, झटकलं, घडी करून धुवायच्या कपड्यांत टाकलं, आणि टाकल्यावर तिच्या ध्यानात आलं की इथे आपण थांबायला हवं होतं. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला आवाज निघतो तो डबा, त्याला भीमराव 'युनिट' म्हणत. मूठभर दिसायचा, पण लोहचुंबकामुळे पायलीभर बाजरीसारखा जड.

वरच्या मजल्यावरचा केयूर पटवर्धन मदतीला आला. हिंजवडीला कामाला, आणि जुन्या साउंडचं वेड. कर्णे बघून तो जमिनीवरच बसला.

"काका, हे असे ओरिजिनल आता मिळत नाहीत. लोक घरात ऐकायला शोधत फिरतात."

"लोकांना घरात जागा फार," भीमराव म्हणाले.

"तुमचा अँप्लिफायर कुठंय?"

"भंगारात. शंभर वॅटचा होता. छातीत बुक्के मारणाऱ्या त्या डीजेच्या पेट्या आल्या, तेव्हा दिला."

"शंभर नकोच, काका. हॉर्नला घरात तीन वॅट पुष्कळ. माझा जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा आहे, तो आणतो."

"तीन? तीन वॅटमध्ये माझ्या मशीनचा लाल दिवा लागायचा नाही."

"ट्रस्ट मी, काका."

"ठेवतो. देवावर नाही, तेवढा तुझ्यावर ठेवतो."

रविवारी दुपारी तिघं बसले. भीमरावांनी टॉर्चमधला सेल घेतला, दोन वायरी युनिटला टेकवल्या. जिवंत युनिट अशा वेळी 'टक्' करतं. पहिलं बोललं. दुसरं मुकं. पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन भीमरावांनी स्क्रू घासले, फुंकर मारली, पुन्हा सेल टेकवला. हात शहात्तर वर्षांचा, पण वायरीचं टोक दर खेपेला नेमकं जागेवर पोचायचं. चौथ्या खेपेला, टक्.

"आहे," ते म्हणाले. एवढंच.

केयूरनं प्रत्येक युनिटच्या वाटेवर एकेक कपॅसिटर जोडला. खालचे जाड सूर तो अडवतो, नाहीतर आतला पातळ पडदा फाटतो. आणि पडदा फाटला तर आता नवा कुठून आणणार? हे त्यानं कल्याणीला समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. ऑफिसात कुणी नव्या परिपत्रकाचं सांगितलं की डोलवायची तशीच.

मग कर्णे दोन स्टुलांवर बांधायचे होते. भीमरावांनी दोन्हींची तोंडं गॅलरीकडे केली. बाहेर. समोर लिंबाचं झाड, त्यापलीकडे दुसऱ्या सोसायटीच्या टाक्या.

केयूर हसला. "काका, आपण इकडे बसणार ना? तोंड आत पाहिजे."

"कर्ण्यापुढं घरची माणसं बसत नाहीत," भीमराव म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही बसत. पुढं गिऱ्हाईक. आपण मागं, मशीनपाशी. माइक कर्ण्यापुढं आला की शिट्टी मारतं. मशीन मागं, माइक मागं, बायकापोरं मागं. जन्मभर असंच लावलं."

"पण आज माइक नाहीये, काका. फक्त फोन."

भीमरावांनी कल्याणीकडे बघितलं.

"दादा, वळवू दे त्याला," ती म्हणाली. "नीट ऐकू आलं पाहिजे."

कर्णे वळले. भिंतीपासून दीड हात पुढे, तोंडं किंचित आत, आणि दोन्हींच्या मधोमध नेम धरून तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. केयूरनं टेपनं अंतर मोजलं. तारा जोडल्या. अँप्लिफायरचे दोन काचेचे दिवे निखाऱ्यासारखे हळूहळू लाल झाले, आणि घर गुणगुणायला लागलं. बारीक, न थांबणारं, माशी अडकल्यासारखं.

"हम् येतोय," केयूर म्हणाला. "हॉर्न इतके सेन्सिटिव्ह असतात की चिमूटभर खरखर पण मोठी होते." त्यानं वायर हलवली, प्लग बदलला. माशी जाईना.

भीमराव खुर्चीतून न उठता म्हणाले, "त्याचं शेपूट काढ."

"कशाचं?"

"फोनचं. चार्जिंगला लावलायस ना."

चार्जर निघाला. माशी गेली. खोलीत अशी शांतता झाली की अंगणात कुणीतरी बादली ठेवली ती ऐकू आली.

"तीन वॅट," भीमराव म्हणाले. "बरा आहे तुझा बाळ."

केयूरनं फोनवर बोट ठेवलं. आणि सुंदराबाई आल्या.

*जाई गं माझ्या बोला, वढा वलांडून जाई,*
*पल्याड माझं गाव, उभी दारात माझी आई...*

आवाज खुर्च्यांपाशी येऊन उभा राहिला. श्वास कुठे घेतला ते कळत होतं. एक बांगडी माइकला लागली तीही. 'वढा' म्हणताना जीभ किंचित रेंगाळली. ओवी संपली, जरा थांबून आवाज म्हणाला, "पोचला का ओ?" आणि टेपची सळसळ.

"ऑसम," केयूर हळूच म्हणाला. त्याचे डोळे ओले झाले होते. ज्याची ती कुणी नव्हती, त्याचे.

कल्याणी बघत राहिली. समोर एक सव्वीस वर्षांची बाई होती. खणखणीत, कोवळी, लाजरी. दुसऱ्याच्या ओळखपत्रावरचा फोटो बघावा तशी ती तिला बघत होती. ही कुणाची तरी आई असेल. आपली नाही.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

पुन्हा लागलं. पुन्हा तेच. म्हणजे गेलाच आवाज, तिनं मनाशी नोंद केली. कपाटाची किल्ली हरवली की आपण म्हणतो, गेली वाटतं. तसं.

"ही अशी नव्हती बोलत," भीमराव म्हणाले. ते खुर्चीत चुळबुळत होते. पायांशी काही नाही, हाताशी बटण नाही, समोर कर्ण्याची दोन काळी तोंडं. "काहीतरी चुकलंय."

"काका, साउंड परफेक्ट आहे."

"साउंडचं नाही म्हणत मी."

ते उठले. भिंत धरत कर्ण्यांना वळसा घातला आणि कर्ण्यांची निमुळती टोकं आणि खिडकीची भिंत यांच्यामधल्या दीड हाताच्या जागेत जमिनीवर बसले. गुडघे वर, पाठ भिंतीला.

"काका, तिथे काही ऐकू येणार नाही. स्वीट स्पॉट इथंय."

"असू दे तुझ्याकडं. लाव."

केयूरनं लावलं. कल्याणी वडिलांकडे बघत होती. ओवी पहिल्या ओळीच्या मध्यावर असताना भीमरावांचा उजवा हात आपोआप उचलला गेला आणि हवेतलं एक बटण त्यांनी दोन बोटांनी जरासं मागे फिरवलं.

"कल्ये," ते म्हणाले. "इकडं ये."

"तिथं जागा कुठंय, दादा?"

"तू मावायचीस."

ती गेली. गुडघे पोटाशी घेऊन शिरली. युनिटचा जुना रंग, तेलकट धुळीचा वास, सुतळी. आणि त्या वासाबरोबर तिला एक गोणपाट आठवलं. जयंतीच्या रात्री वायरींचं गोणपाट, त्यावर ती झोपलेली, पुढे माणसांचा समुद्र, आणि मागे, इथेच, अंधारात आई माइकशी. पुढे जो आवाज जायचा तो गिऱ्हाइकांचा. तो तिनं कधी ऐकलाच नव्हता. तिच्या वाट्याला हा, मागे पाझरणारा. पत्र्यातून आलेला, धारा गेलेला, गोधडीतून बोलल्यासारखा.

"लाव रे," भीमराव म्हणाले.

*जाई गं माझ्या बोला...*

पाणी बेतानं गं, बाई. अभ्यास झाला का? दाराला कडी लाव. तापात कपाळावर हात ठेवून म्हटलेलं 'झोप'. सगळं एकाच आवाजात, याच. कल्याणीनं हात पुढे केला आणि युनिटच्या पाठीवर ठेवला. लोखंड बारीक थरथरत होतं. *वढा वलांडून जाई.* थरथर तळव्यातून मनगटात आली. रडू आलं नाही. फक्त बोटांच्या टोकांना, अगदी टोकांना, काहीतरी टोचल्यासारखं झालं. तिनं हात काढला नाही.

"पोचला का ओ?" आई म्हणाली.

टेप सळसळत राहिली. कल्याणीनं वडिलांकडे बघितलं. हा प्रश्न त्यांना होता. पुढच्या गर्दीतली डोकी वळताना बघून ते मशीनपाशी बसल्या बसल्या उत्तर द्यायचे, हजारदा दिलेलं. आता त्यांचे ओठ हलले, पण आत हवाच नव्हती. पडदा फाटलेल्या युनिटसारखे ते नुसते हलले.

कल्याणीनं वाट बघितली. मग ऑफिसच्या खिडकीतून फाइल आली का विचारणाऱ्याला सांगते तशा सपाट आवाजात ती म्हणाली, "पोचला."

पुढून, कर्ण्यांच्या पलीकडून, केयूरनं विचारलं, "ताई, काय म्हणालात? आवाज वाढवू का?"

"नको," भीमराव म्हणाले. "आहे तेवढाच ठेव. पुन्हा लाव."

कल्याणीनं दुसराही हात युनिटवर ठेवला. मग कपड्यांच्या ढिगातलं लुगडं आठवलं. धुवायचं मशीन अजून लावलं नव्हतं. लुगडं तसंच, न धुता राहू दे, असं तिनं ठरवलं, आणि ओवी सुरू झाली.