न्हावी निर्दोष आहे

मोंतेकार्वो गावात अकराशे माणसं राहतात, आणि त्या उन्हाळ्यात त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी एकच पुस्तक वाचलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांनीही त्यावर मत दिलं, आणि त्यांचं मत जास्त ठाम होतं.

पुस्तकाचं नाव 'शेवटची दाढी'. लेखक कोर्रादो वेल्मी, राहणार मिलान. दोन वर्षांपूर्वी हे गृहस्थ चार दिवस गावात येऊन राहिले होते. छातीपर्यंत दाढी, हातात वही, चौकातल्या बाकावर बसून दिवसभर काहीतरी खरडत असायचे. लोकांना वाटलं चित्रकार असेल बिचारा. आता कळलं, की तो त्या बाकावर बसून आपल्याच गावात खून पाडत होता.

वाचनालयाच्या फिओरेंझाबाईंनी अभिप्रायांसाठी एक जाड वही टेबलाला दोरीने बांधून ठेवली. दोरी अशासाठी, की आधीची वही कुणीतरी पाककृती उतरवायला घरी नेली ती गेलीच. तीन आठवड्यांत नवी वही अर्धी भरली.

बेकरीवाल्या सेत्तिमिओने लिहिलं होतं, "पान ४१. इन्स्पेक्टर म्हणतो, इथल्या पावाला छान खारट चव आहे. आमच्या पावात मीठ नसतं. माझ्या आजोबांच्या पावातही नव्हतं. त्यापुढे मी वाचलं नाही."

घंटा वाजवणाऱ्या ब्रूनोने लिहिलं, "मनोऱ्याला ११२ पायऱ्या नाहीत, ९७ आहेत. लेखकाने स्वतः चढून पाहावं."

पाद्री इलारियो यांनी फक्त एवढंच लिहिलं, "पुस्तकातला पाद्री बराच सडपातळ आहे. आभारी आहे."

आणि औषधाच्या दुकानातल्या बाईंनी लिहिलं होतं, की पुस्तकातल्या औषधवालीला मिशी दाखवण्याचं प्रयोजन समजलं नाही.

नोएमीने ती वही तीनदा वाचली आणि प्रत्येक वेळी पोट धरून हसली. नोएमी सोळा वर्षांची. मागच्या वर्षापर्यंत ती वर्गात उत्तर द्यायला उभी राहिली की बुटांच्या लेसशी बोलायची. मग मार्चमध्ये इतिहासाच्या सरांनी फळ्यावर एका लढाईचं साल चुकीचं लिहिलं, आणि कसं कोण जाणे, तिने हात वर केला. सरांनी पुस्तक उघडलं, पाहिलं, आणि साल पुसलं. त्या दिवशी नोएमीला शोध लागला, की मोठी माणसंसुद्धा चुकतात आणि त्यांना तसं सांगितलं तर छत कोसळत नाही. तेव्हापासून तिला थांबवणं अवघड झालं होतं.

वहीत एका माणसाचं मत मात्र नव्हतं. ओत्तावियोचं. ओत्तावियो म्हणजे नोएमीचे आजोबा, आईचे वडील, चौकातल्या हिरव्या दाराच्या दुकानाचे मालक, गावाचे एकुलते एक न्हावी. आणि पुस्तकात खुनी कोण निघतो? हिरव्या दाराच्या दुकानातला न्हावी. आरशावर टांगलेली सायकल शर्यतीची जुनी टोपी तीच, दाढी करताना शीळ घालायची सवय तीच. बदललं होतं ते फक्त नाव. पुस्तकातला न्हावी ओरेस्ते सकाळी दहा वाजता, दोन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली असताना, गरम टॉवेलाच्या आडून गावच्या नोटरीचा गळा कापतो. शीळ घालत.

पहिला आठवडा मजेत गेला. "ओत्तावियो, आज मूड कसाय? चांगला असेल तर बसतो," असं म्हणत लोक यायचे आणि आजोबाही म्हणायचे, "बस, नोटरी नाहीस ना तू?" मग एका शनिवारी सेत्तिमिओ आला. हा गेली चाळीस वर्षं दर शनिवारी पहिल्या नंबरला दाढीला येतो. आजोबांनी फेस लावला, वस्तरा टेकवला आणि सेत्तिमिओने दोन्ही हात गळ्याला लावून डोळे पांढरे केले. सगळं दुकान हसलं. आजोबाही हसले. केस झाडत उभी असलेली नोएमीही हसली.

पण वस्तरा आजोबांनी त्या दिवशी पुसला, चामड्याच्या म्यानात घातला, आणि खणात ठेवून कुलूप लावलं.

"आता फक्त केस," ते म्हणाले. "दाढी घरी करा."

"का पण?" नोएमीने विचारलं.

"चेष्टेत हललं कुणी आणि लागलं, तर? उद्या पेपरात येईल, पुस्तक खरं झालं म्हणून. आणि बघ नोएमी, माणूस मान मागे टाकून डोळे मिटतो ना, तेव्हाच दाढी होते. आता सगळे डोळे उघडे ठेवून बसतात."

त्या दिवसापासून दुकानात शीळ बंद झाली. कात्रीचा आवाज यायचा, बाकी शांतता. नोएमीला ती शांतता असह्य व्हायला लागली. आजोबांनी वाचनालयाच्या बैठकीलाही जाणं सोडलं. तीस वर्षांपूर्वी ही वाचकांची बैठक सुरू करणाऱ्यांत ते स्वतः होते, आणि दर सोमवारी पाच वाजता पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची ठरलेली. सलग सहा सोमवार ती रिकामी राहिली.

"पुस्तक एकदा वाचा तरी," फिओरेंझाबाईंनी दुकानात येऊन सांगितलं.

"स्वतःबद्दलच्या चहाड्या मी वाचत नाही," आजोबा म्हणाले आणि बाईंच्या छत्रीकडे बघत बसले.

मग बातमी आली. वेल्मीसाहेब गावात येणार. वाचकांना भेटायला, खुद्द बैठकीत.

नोएमीने पेन्सिल घेतली आणि 'शेवटची दाढी' चौथ्यांदा वाचायला काढलं. कुठेतरी चूक असणारच. पायऱ्यांची नको, पावाची नको. न्हाव्याला सोडवणारी हवी. तिने विषाची बाटली तपासली, घोड्याच्या नालाचा ठसा तपासला, पावसाचं वर्णन तपासलं. काही नाही. कथा चांगली घट्ट होती, हे तिला नाइलाजाने कबूल करावं लागलं.

लेखक यायच्या आदल्या सोमवारी ती दुकानाच्या पायरीवर बसून वाचत होती. पान १२८, नोटरी खुर्चीत बसतोय. आजोबा घरी स्वयंपाकघरात बटाट्याचे गोळे वळत होते, कारण त्या दिवशी तो त्यांचा उद्योग असतो. एवढ्यात एक परगावचा माणूस आला आणि हिरवं दार ढकलायला लागला.

"उघडत नाही," तो म्हणाला.

"सोमवार आहे," नोएमी मान वर न करता म्हणाली. "न्हावी सोमवारी बंद असतात."

मग तिने स्वतःचं वाक्य ऐकलं.

ती भराभर पानं मागे उलटत गेली. पान ६२, रविवारची प्रार्थना सुटते, नोटरी सगळ्यांना टोपी काढून नमस्कार करतो, घरी जाऊन दोनदा लाझान्या वाढून घेतो. मग साठ पानं त्याच्या तरुणपणाच्या आठवणी. आणि पान १२४ वर, "दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता." साठ पानांत कुणालाही वार लक्षात राहिला नव्हता. प्रत्येक जण स्वतःचं पान शोधण्यात गुंतला होता.

परगावचा माणूस अजून उभाच होता. "तुम्ही खूप चांगले आहात," नोएमी त्याला म्हणाली आणि घराकडे पळाली.

घरी तिने आजोबांना काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "पुढच्या सोमवारी तुम्ही बैठकीला यायचंय."

"त्या माणसाचं तोंड बघायला? मुळीच नाही."

"त्याचं नका बघू. माझं ऐका. मी बोलणार आहे."

आजोबांचे पिठाचे हात थांबले. "तू? सगळ्यांसमोर?"

"उभं राहून."

आजोबांनी हात फडक्याला पुसले. "शर्ट इस्त्री करावा लागेल मग," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. वेल्मीसाहेब दाढीसकट आले होते आणि घामाघूम झाले होते, कारण फिओरेंझाबाई त्यांना वही मोठ्याने वाचून दाखवत होत्या. मिशीचा उल्लेख आला तेव्हा औषधवाल्या बाई शांतपणे त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, दिव्याखाली, नीट दिसेल अशा. साहेबांनी माफी मागितली. पायऱ्यांबद्दल मागितली. पावाबद्दल दोनदा मागितली.

"अजून कुणाला काही?" बाईंनी विचारलं.

नोएमी उठली. नजर बुटांकडे गेली नाही.

"साहेब, नोटरीचा खून किती वाजता झाला?"

"सकाळी दहाला," वेल्मी म्हणाले. या प्रश्नाचं उत्तर येत असल्याने त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

"दुकान उघडं होतं?"

"अर्थात. दोन गिऱ्हाइकं बाकावर होती. तेच साक्षीदार."

"आणि आदल्या दिवशी नोटरी कुठून बाहेर पडले?"

"प्रार्थनेहून. रविवार होता."

"मग खून कुठल्या वारी झाला?"

"सोमवारी," वेल्मी म्हणाले.

"आजोबा," नोएमी पहिल्या रांगेकडे वळली. "सोमवारी तुमचं दुकान किती वाजता उघडतं?"

आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून मोकळ्या होताना तिला दिसल्या. "उघडत नाही," ते म्हणाले. "बेचाळीस वर्षांत एकदाही नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी बिशप आले होते, त्यांनाही नाही म्हटलं."

"आणि आपण सगळे इथे सोमवारीच का जमतो?" नोएमीने विचारलं.

तीस वर्षं ही बैठक सोमवारी भरत होती, कारण ओत्तावियोला दुसऱ्या कुठल्या दिवशी सवडच नसायची. आणि सहा सोमवार, त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून, हे सगळे सोमवारी झालेल्या खुनाची चर्चा करत होते.

पहिला सेत्तिमिओ हसला. त्याचं हसणं बेकरीच्या भट्टीसारखं हळूहळू तापतं, मग आवरत नाही. मग ब्रूनो, मग पाद्री इलारियो, मग सगळी खोली.

"मी मंगळवारी आलो आणि शुक्रवारी गेलो," वेल्मी कपाळ पुसत म्हणाले. "तुमचा सोमवार मी पाहिलाच नाही हो. पण मग खून केला कुणी?"

"ते तुम्ही शोधा," नोएमी म्हणाली. "आम्ही नुसते वाचक."

"ज्याने पावात मीठ घातलं त्याने," सेत्तिमिओ मागून ओरडला.

वेल्मींनी वही ओढून घेतली, दोरीसकट, आणि शेवटच्या अभिप्रायाखाली लिहिलं, "न्हावी निर्दोष आहे. गुन्हा लेखकाचा." सही केली. मग ते थेट आजोबांसमोर आले.

"ओत्तावियो, नुसतं लिहून भागणार नाही. माझी दाढी करा. आत्ता, सगळ्यांसमोर. मी डोळे मिटून बसतो."

वीस वर्षं वाढवलेली ती दाढी. गाव श्वास रोखून बघत राहिलं. आजोबांनी दाढीकडे पाहिलं, बोटांनी तिचा पोत अजमावला. त्यांचे हात शिवशिवत होते, हे नोएमीला इतक्या लांबूनही कळलं. वस्तऱ्याची किल्ली त्यांच्या खिशात होती, हेही तिला माहीत होतं. त्यांचा हात खिशाकडे गेलासुद्धा.

मग त्यांनी तो मागे घेतला आणि शर्टाची बाही सरळ केली.

"आज जमणार नाही," ते म्हणाले. "सोमवार आहे."

यावर जो हशा उसळला त्याने मनोऱ्यावरची कबुतरं उडाली, असं ब्रूनो नंतर शपथेवर सांगत होता.

वेल्मींनी सहा वाजताची बस सोडली आणि फिओरेंझाबाईंच्या माडीवरच्या खोलीत मुक्काम केला. मंगळवारी सकाळी नऊच्या आधीच हिरव्या दारासमोर ही गर्दी. नोएमीने दार उघडलं, आजोबांनी खण उघडला. वस्तरा चामड्यावर फिरला, एकदा, दोनदा, दहादा. साहेब खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि बोलल्याप्रमाणे डोळे मिटले. कात्रीने आधी जंगल उतरलं. मग गरम टॉवेल. मग फेस.

"नोटरी नाही ना तुम्ही?" आजोबांनी विचारलं.

"फक्त लेखक," टॉवेलामागून आवाज आला.

"चालेल."

पहिली ओढ शांततेत गेली. दुसरीला आजोबांनी हनुवटी वर उचलली, आणि तिसरीच्या अर्ध्यात, त्यांच्याही नकळत, शीळ सुरू झाली. सुरुवातीला जरा बेसूर होती. सहा आठवडे गंज चढला होता तिच्यावर. पण तिने लवकरच सूर पकडला. नोएमी कोपऱ्यात केसांचा तो करडा डोंगर झाडत होती, आणि झाडता झाडता तिनेही तीच शीळ धरली.

दाढीखालून साहेबांची हनुवटी बाहेर आली. छोटीशी निघाली, मध्ये खळी.

"असं तोंड लपवायचं कारण काय होतं?" औषधवाल्या बाईंनी दारातूनच विचारलं.

बाकावर सेत्तिमिओ बसला होता, कॉलरची वरची दोन बटणं आधीच सोडून. "झालं का रे?" तो कुरकुरला. "चाळीस वर्षं माझा पहिला नंबर असतो. एक पुस्तक काय लिहिलं, लगेच नंबर मागे?"

"शनिवारी ये," आजोबा म्हणाले.

"शनिवारपर्यंत नाही थांबणार," सेत्तिमिओ म्हणाला. खुर्ची रिकामी होताच तो तिच्यात जाऊन बसला, मान मागे टाकली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.