ओंडका वेगळा, चिरीव वेगळं

मानपाड्याच्या लाकडाच्या वखारीत धम्मपाल सव्वीस वर्षं करवतीवर होता. ओंडका करवतीच्या पट्ट्याला लागला की नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, आत खिळा आहे, गाठ आहे की पोकळ. या विद्येला वखारीत मान होता, पगार मात्र बेताचाच. म्हणून तर त्याने लेकीला, रचनाला, बी.कॉम. केलं आणि मालकाच्या, हरिहरशेठच्या, मिनतवाऱ्या करून तिथल्याच ऑफिसात चिकटवलं. खाली बाप करवतीवर, वर पोरगी कॉम्प्युटरवर! ठाकुर्लीच्या चाळीत हे त्याने सांगितलं नाही असं एक दार उरलं नव्हतं.

त्या आठवड्यात भागीदारांची मीटिंग होती. शेठने रचनाला काम दिलं: गेल्या वीस वर्षांत परदेशातून चिरीव लाकूड भारताने किती आणलं आणि व्हिएतनामने किती, ते दोन रेघांत दाखव. रविवारी घरी बसून तिने मोबाईलवर तक्ता केला आणि कौतुकाने बापापुढे धरला. भारताची रेघ आभाळाला टेकलेली, व्हिएतनाम कुठेतरी तळाशी.

"हे गं काय?" धम्मपालच्या कपाळाला आठी पडली. "यात ओंडके पण धरलेस की काय?"

"लाकूड ते लाकूडच ना, पप्पा?"

झालं! करवतीवर आयुष्य काढलेल्या माणसाला घरच्या पोरीने हे ऐकवावं?

"ओंडका वेगळा, चिरीव वेगळं! ओंडका म्हणजे नुसतं आडवं झालेलं झाड. त्याच्यावर कोणाचा तरी हात चालला, फळ्या पडल्या की मग ते चिरीव. आपण ओंडके आणतो नि इथे चिरतो. काढ ते सगळे ओंडके. शेठसमोर माझी लाज घालवशील."

रचनाने ओंडके काढले. भारताची रेघ धपकन खाली आली. अलीकडे थोडी चढत होती, पण व्हिएतनाम कितीतरी वर. धम्मपालने खुशीत दुसरा चहा मागितला. रचना बराच वेळ मोबाईलवरच्या त्या दोन रेघांकडे बघत राहिली. दमली असेल, असं त्याला वाटलं.

सोमवारी मीटिंग चालू असताना वरून बोलावणं आलं. भुसा झटकत तो गेला, तर पडद्यावर तक्त्याच्या खाली लिहिलेलं: 'माहितीबद्दल आभार: धम्मपाल'. हजेरीपट सोडला तर वखारीच्या कुठल्याही कागदावर त्याचं नाव आजवर आलं नव्हतं. भागीदारांनी टाळ्या वाजवल्या. धम्मपालला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

मग शेठने व्हिएतनामच्या रेघेवर बोट ठेवलं.

"बघा. हे लोक चिरलेला माल आणतात आणि सरळ फर्निचरला लागतात. आपण अजून ओंडके आणतोय, भुसा पाडतोय, करवत पोसतोय. या महिन्यापासून फळ्याच मागवायच्या. करवत विकून टाकू." आणि धम्मपालकडे वळून, अगदी मायेने, "हा फरक तूच दाखवलास हां. नाहीतर आम्ही स्वतःला पुढेच समजत बसलो असतो."

"आणि मी, शेठ?"

"बघू रे. गेटवर माणूस लागेलच."

सव्वीस वर्षं ज्याने लाकडाच्या पोटातलं ओळखलं, त्याला शेठच्या पोटातलं ओळखता आलं नव्हतं. तो जिना उतरायला लागला तशी रचना मागून धावत आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"पप्पा, मला कळलेलं. ओंडके काढले ना, तेव्हाच कळलेलं शेठ काय बोलणार ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होता. आणि बरोबर तर तेच होतं ना?"

त्याला तिच्यावर ओरडायचं होतं, पण काय म्हणून ओरडणार? जे खरं असेल तेच लिहायचं, हे पहिलीपासून त्यानेच तिच्या डोक्यात भरलेलं. त्याला शेठचा संताप आला, कधी न पाहिलेल्या त्या व्हिएतनामचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा आला. खाली करवतीवर सकाळचा ओंडका अर्धा चिरून तसाच पडला होता.

"वर जा," तो म्हणाला. "ओंडके काढलेस ना, तसं त्या पानावरून माझं नाव पण काढ."