चालता ठिपका

कात्री सरळ चालली होती ती एकदम तिरकी गेली, आणि निळ्या कापडाला हातभर चीर पडली. पडदेवालीनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिचे डोळे शिवणमशीनला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर होते. नकाशातला केशरी ठिपका थांबला होता.

“थांबला,” ती म्हणाली.

“कोण?” भिंतीला पाठ लावून बसलेल्या नणंदेनं विचारलं.

“तुमचा भाऊ.”

“थांबला असेल. माणूस आहे, घड्याळ नाही.” नणंदेनं मान लांब करून फाटलेलं कापड बघितलं. “हे कुणाचं?”

“दवाखान्याचं.”

“बरं झालं. पेशंटला पडद्यातून बाहेरचं दिसेल तरी.”

पडदेवाली हसली नाही. ठिपका हलला, तेव्हा तिनं श्वास सोडला आणि मग कुठं तिला चीर दिसली.

तिचा नवरा काचेच्या दुकानात काचा कापायचा आणि उरलेला सगळा वेळ सायकलवर असायचा. पायाला भिंगरी लागलेला माणूस, म्हणून ओळखीपाळखीचे त्याला भिंगरीच म्हणायचे. सकाळी उठला की सायकल काढायची, मोठ्या चौकातून पलीकडं जायचं, धरणाला एक वळसा घालायचा आणि तिथून थेट दुकान. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. गेल्या वर्षी त्याच चौकात एका ट्रकनं वळताना त्याला सायकलसकट लोळवलं. खांद्याचं हाड मोडलं, मोबाइल कुठल्या कुठं उडाला. तो रस्त्याकडेला पडून होता आणि ही इथं गुणगुणत पडद्याला चुण्या घालत होती. तिला कळलं ते दुपार टळल्यावर. त्या गुणगुणण्याची तिला अजून लाज वाटायची.

हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, चालवा सायकल. पण परगावी असलेल्या मुलानं अट घातली आणि दोघांच्या मोबाइलमध्ये ते ठिपक्याचं ॲप घालून दिलं. बाबा किती लांब गेले, किती चढले, हे ॲप फुकटात सांगायचं. घरच्यांना चालता ठिपका बघायचा असेल तर मात्र पैसे. पहिला महिना तेवढा चवीपुरता फुकट होता, आणि तो आता संपत आला होता.

“आई, निवांत राहशील बघ,” मुलगा म्हणाला होता.

निवांत कसलं. ठिपका चालला की ती त्याच्या मागं मागं चालायची, आणि थांबला की हातातलं काम सोडून तिथंच बघत बसायची. फोन करायची सोय नव्हती. रस्त्यात वाजला की दचकायला होतं, असं भिंगरीनं बजावून ठेवलं होतं. त्यात तो ठिपका रोज एकाच जागी थांबायचा, चौकाच्या जरा अलीकडं. चांगला बराच वेळ थांबायचा आणि मग आल्या वाटेनं मागं फिरायचा. धरणाकडं एकदाही गेला नव्हता.

“थांबला होतात आज,” ती संध्याकाळी म्हणायची.

“चहाला,” तो म्हणायचा. “ठिपक्यात चहा दिसत नाही वाटतं?”

“आणि धरण?”

“वारा उलटा असतो हल्ली.”

नणंदेला हे सांगितलं तेव्हा तिनं डोळे बारीक केले. “वाऱ्याचं राहू दे. घरचा चहा पिऊन निघालेला माणूस अर्ध्या वाटेत चहाला थांबतो. चहा कोण करून देतं, तेवढं बघून ये.”

“वन्सं, काहीतरीच.”

“माझा भाऊ आहे म्हणून सांगते. सरळ आहे, पण पुरुष आहे.”

चेष्टाच होती ती. पण रात्रभर पडदेवालीच्या कानात माशी गुणगुणावी तशी ती चेष्टा गुणगुणत राहिली. दुसऱ्या दिवशी नवरा सायकल घेऊन बाहेर पडला, तशी तिनं पडद्याच्या कड्यांची पिशवी उचलली, गिऱ्हाइकाकडं जाते म्हणून सांगितलं आणि सरळ बस पकडली.

चौकात उतरली तेव्हा तिथं चहाचं नावसुद्धा नव्हतं. टायरचं दुकान, ते बंद. एक पेट्रोल पंप, आणि चहूकडून अंगावर येणाऱ्या गाड्या. बसथांब्याच्या जाहिरातीआड ती उभी राहिली. मोबाइल काढून बघितला. ठिपका येत होता. मग तिनं मान वर केली, तर ठिपका नाही, तोच येत होता.

सिग्नलच्या पेटीपाशी त्यानं सायकल थांबवली. एक पाय खाली, एक पायडलवर. हिरवा दिवा लागला. मागच्या गाड्या बाजूनं निघून गेल्या. त्यानं खालचा पाय उचलला आणि पुन्हा ठेवला. लाल झाला. पुन्हा हिरवा. पुन्हा पाय उचलला, ठेवला. मागून कुणीतरी हॉर्न मारला, तेव्हा त्यानं घाईघाईनं खिशातून मोबाइल काढून कानाला लावला, जसा काही महत्त्वाचा फोन आलाय आणि म्हणून साहेब थांबलेत. फोनबिन काही नव्हता. नुसतेच ओठ हलवत होता.

पलीकडून एक म्हातारी हातगाडी ढकलत आली, त्याच्या अंगावरूनच इकडच्या फुटपाथवर चढली आणि निघून गेली. तो तिच्याकडं बघत राहिला. मग एक ट्रक वळला. लांबून वळला, पण भिंगरीनं सायकल दोन्ही हातांनी अशी मागं ओढली की पुढचं चाक पेटीवर आपटलं. ट्रक गेल्यावर त्यानं सायकलच्या सीटवर हात फिरवला. भेदरलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा. आणि मग तोंड फिरवून तो आल्या वाटेनं परत निघाला.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं होतं. काय म्हणून मारायची? ती तशीच उभी राहिली. हातातल्या मोबाइलमध्ये ठिपका छान, गुळगुळीत चालला होता.

त्या संध्याकाळी जेवताना मुलाचा फोन आला. त्यानं स्पीकर लावायला सांगितला.

“उद्या फुकटचं संपतंय. वर्षाचे एकदम भरले तर स्वस्त पडतं. भरू ना?”

“भरून टाक,” भिंगरी म्हणाला. ताटातून मान वर न काढताच म्हणाला. “तुझ्या आईच्या जिवाला बरं.”

“भरा, भरा,” नणंद म्हणाली. “टीव्हीपेक्षा बरं आहे. जाहिराती नसतात.”

“नको,” पडदेवाली म्हणाली.

भिंगरीचा घास हातात राहिला.

“आई, पैशाचं मी बघतो. तू त्यात पडू नकोस.”

“पैशाचं नाही रे. माझी कापडं फाटतात. एक डोळा कात्रीवर आणि एक मोबाइलवर ठेवून धंदा होत नाही.”

“आणि बाबांना काही झालं तर?”

भिंगरीनं हातातला घास ताटात ठेवला आणि हळू विचारलं, “तुला काळजी नाही वाटणार?”

“वाटेल. ॲप लावल्यावर कुठं गेली होती?”

तो हसला, आणि मग त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. तिनं आमटीचं भांडं त्याच्याकडं सरकवलं.

भांडी घासताना नणंद जवळ आली. “चहावालीचा छडा लागला म्हणायचा.”

“चहावाली नाही, वन्सं.”

“मग काय आहे?”

“काही नाही. ताटं पुसून द्या.”

ठिपका गेला. मोबाइल मशीनपाशी नुसता पडून राहू लागला, आणि पडदेवालीला वाटलं होतं त्याच्या नेमकं उलटं झालं. आधी ठिपका थांबला की जीव टांगणीला लागायचा, आता तो निघाल्यापासूनच लागायला लागला. सारखी उठून खिडकीशी जायची. कशाला आलो ते विसरून परत यायची. आपण बघत नाही म्हटल्यावर हा माणूस उगाच ईर्षेला पेटून ट्रकसमोर सायकल घालेल, असं एकदा वाटायचं. आणि एकदा वाटायचं, बघणारं कुणी नाही, तर आता चौकापर्यंतसुद्धा जात नसेल. कुठंतरी गल्लीतच फिरून दुकानात जात असेल. दोन्हीतलं कुठलं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना.

एका सकाळी तिनं अख्खा पडदा दुमडून शिवला. खाली बॉबिनमधला दोरा कधीच संपला होता. कापडावर नुसती सुईची भोकं, टाका एक नाही.

“म्हणजे पैसे वाचवून मिळवलं काय?” नणंद म्हणाली. “तेव्हा वाकडं कापायचीस, आता बिनदोऱ्याचं शिवतेस. भरले असतेस तर निदान ठिपका तरी दिसला असता.”

“बोलू नका वन्सं.”

“मी बोलले नाही तर या घरात बोलणार कोण? तो एक तोंडात गुळणी धरून बसलाय, आणि तू एक.”

नणंद बाजारात गेल्यावर पडदेवालीनं मुलाला मेसेज लिहिला, पैसे भर. मग पुसून टाकला. पुन्हा लिहिला. पाठवायच्या खुणेवर अंगठा नेला आणि बाहेर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला.

या वेळेला तो दुकानात असायचा. तिच्या हातातून मोबाइल सुटून कापडात पडला. ती उठायच्या आत तो दारात आला. हातपाय धड, चेहरा धड, कपडे स्वच्छ. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं.

“दुकान?” तिनं विचारलं.

“जातो जरा वेळानं.”

तो आत आला आणि सरळ कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. त्या गठ्ठ्यावर बसायची घरात कुणाची छाती नव्हती. पडदेवालीनं बॉबिन काढली, तिच्यावर दोरा भरायला घेतला. मशीनचं चाक घरघरत राहिलं.

“तू हल्ली विचारत नाहीस,” तो म्हणाला.

“काय?”

“कुठं थांबलो होतो ते.”

“आता मला कुठं काय दिसतंय.”

तो हेल्मेटच्या पट्ट्याशी झटापट करत होता. दिवसभर काचा कापणारा माणूस, रेघ इकडची तिकडं व्हायची नाही त्याची, पण त्या खटक्यावर त्याची बोटं काही ठरेनात. ती मदतीला गेली नाही. शेवटी त्यानं पट्टा सोडून दिला आणि हेल्मेट घालूनच बसून राहिला.

“तिथं चहाबिहा काही नव्हतं,” तो म्हणाला.

“तिथं म्हणजे?”

“चौकात.”

सिग्नलची पेटी, ती हातगाडीवाली म्हातारी, कानाला लावलेला तो खोटा फोन, सगळं तिच्या गळ्यापर्यंत आलं. तिनं ते आल्या वाटेनं खाली ढकललं.

“कुठला चौक?” तिनं विचारलं, आणि मशीनवरचा पाय काढून त्याच्याकडं तोंड करून बसली.