एकवीस दिवस

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो, आणि माझ्या खांद्याला मुठीएवढे भोक आहे. ते कसे पडले, तेवढे ऐका.

माझा जन्म कोरियातल्या एका डोंगरी गावच्या भट्टीत झाला. आम्ही नऊ भावंडे आत गेलो. आच वाढली तसे माझ्या शेजारचे दोघे धडाधड फुटले. त्यांच्या ठिकऱ्या माझ्या अंगात रुतल्या, त्या अजून तशाच आहेत. कुंभाराने मला बाहेर काढले, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "हा टिकेल."

मी बोंगने नावाच्या विधवेच्या घरी आलो. घरात तिचा मुलगा मानदोक आणि सून सोबुन. दर हिवाळ्यात बोंगनेच्या नवऱ्याचे वर्षश्राद्ध असे. श्राद्धात त्याच्यापुढे घरची दारू ओतायची, त्यासाठी माझ्या पोटात वाफवलेला भात, कुटलेले खमीर आणि झऱ्याचे पाणी पडे. तीन दिवस मला गोधडीत गुंडाळून उबेला ठेवत, मग सरपणाच्या खोपटात गारव्याला. बोंगने रोज माझ्या पोटाला कान लावी. आत पाऊस पडल्यासारखा आवाज आला की म्हणे, "अजून भांडतंय. आत्ता प्यायलं तर तुमच्या पोटात भांडेल." मग पेटती काडी माझ्या तोंडाशी धरी. काडी विझली तर दारू कच्ची, जळत राहिली तर तयार. एकवीस दिवस लागत. बायका चव घेऊन म्हणत, "या रांजणाची सर कशाला नाही!" मी फुगून जाई.

त्या काळी परक्यांचे राज्य होते आणि घरी दारू घालायला मनाई होती. गावातली सगळीच घरे लपवून घालत. मलाही पाइनच्या फांद्यांखाली लपवले होते.

त्या वर्षी चौदाव्या दिवशी मानदोक वाडगा घेऊन आला. सोबुन आडवी आली.

"अहो, अजून सात दिवस आहेत. बाबांच्या आधी तुम्ही पिणार?"

"बाबा मेलेत. त्यांना कसली घाई? तहान मला लागलीय!"

त्याने तिला भिंतीवर ढकलले. तिचे कपाळ फुटले. तो कच्चीच दारू तीन वाडगे प्यायला आणि बाजारात गेला. ती त्याच्या डोक्यात भलतीच चढली. एका टोफूवाल्याला त्याने नाकावर ठोसा लगावला, मग भर रस्त्यात पांढरे ओकला आणि ओकता ओकता ओरडला, "आमच्या घरच्यासारखी दारू अख्ख्या खोऱ्यात नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन सरकारी माणसे लोखंडी गज घेऊन आली. मानदोक गोठ्यात लपला. त्यांनी गवताची गंजी भोसकली, मग खोपटात शिरून फांद्या उपसल्या. सोबुन माझ्यावर पालथी पडली आणि तिने मला दोन्ही हातांनी कवटाळले.

"बाई, बाजूला हो."

"सासऱ्यांच्या श्राद्धाची आहे. सात दिवस... नाही, सहाच दिवस राहिलेत हो!"

गज तिच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या पोटात ऐकला. दुसरा घाव माझ्या खांद्यावर बसला. तिसऱ्या माणसाने लाथ घालून मला आडवे केले आणि माझ्यातला पांढरा लोंढा तिच्या रक्तात मिसळून वाहू लागला.

तेव्हा गोठ्यातून मानदोक धावत आला. त्याच्या हातात कुदळ होती. त्याने एकाच्या गुडघ्यावर ती घातली. तो माणूस किंचाळत कोसळला. बाकीचे दोघे मानदोकवर तुटून पडले. त्यांनी त्याचा उजवा पंजा दगडावर ठेवून गजाने ठेचला आणि त्याला दोराने बांधून फरफटत नेले. त्या झटापटीत माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. सोबुनने एका हाताने, खांदा लावून, मला उभे केले.

तळाशी थोडी दारू उरली होती. बोंगने रडत होती, शिव्या देत होती, तरी तिने माझ्या भोकात चिंधी कोंबली आणि मला पुन्हा झाकले. एकविसाव्या दिवशी तिने काडी धरली. काडी जळत राहिली.

दारू गाळल्यावर जेमतेम एक वाटी निघाली. ओतायचा मान मुलाचा. मुलगा कोठडीत. बोंगने म्हणाली, "सोबुन, तूच ओत."

"मी? सून असून?"

"तुझ्या हाताची किंमत त्यांना कळेल. ओत."

वसंतात मानदोक परत आला, लंगडत, दोन दात गमावून. दारातच त्याने विचारले, "आई, बाबांना मिळाली?"

"एक वाटी."

"तयार होती?"

"पूर्ण एकवीस दिवसांची."

त्याने बायकोचा वाकडा हात पाहिला. मग अंगणातल्या चिखलात गुडघे टेकून तो सोबुनसमोर पूर्ण वाकला. कोणी कधी बायकोपुढे असे वाकलेले त्या गावाने पाहिले नव्हते. सोबुन म्हणाली, "उठा. कपडे मलाच धुवायचेत."

मित्रांनो, आता माझ्यात राख भरतात. माझी तक्रार नाही. फक्त एवढेच मागतो, आत भांडण चालू असेल तर झाकण काढू नका. तेवढी सवड द्या. कोणीतरी त्या सवडीसाठी हात मोडून घेतलेला असतो.