शेवटचे पाच किलोमीटर

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि असं समजा, की शर्यतीत तुम्ही सगळ्यांच्या पुढे आहात. छातीत दम आहे, मागे कुणाची चाहूलही नाही. आणि तेवढ्यात रस्त्याकडेच्या गाडीतून हाक येते, "पुरे! ये, बस आत!"

सोळा वर्षांच्या गेमेचूचं दर वेळी असंच व्हायचं. इथिओपियातल्या एका डोंगरी गावातला हा पोरगा कतारमध्ये, दोहा शहरात, बांधकाम कंपनीच्या मेसमध्ये भांडी घासायचा. मॅनेजर रंगनाथसाहेबांनी एकदा त्याला धावताना पाहिलं आणि आणखी एका कामाला लावलं. साहेबांचा मेहुणा सुरेश कामगारांच्या शर्यतीत धावे. गेमेचूने त्याच्यापुढे राहून वेग धरून द्यायचा आणि दहा किलोमीटरला बाजूला व्हायचं. उरलेले पाच पळून फीत सुरेशने तोडायची. अशा तीन शर्यती झाल्या होत्या.

१९८१ च्या फेब्रुवारीत चौथी होती. दहाव्या किलोमीटरला उस्मानचाचांनी पिकअप थांबवली. चाचा रत्नागिरीचे, कंपनीचे ड्रायव्हर. वेळ मोजायचं घड्याळही त्यांच्याच गळ्यात.

"ये रे बाळा, खलास! पाणी पी."

गेमेचू थांबला नाही. चाचांनी गाडी त्याच्या बरोबरीने आणली.

"कान फुटले काय रे मेल्या? बस आत!"

"नाही बसत."

"साहेब घरी धाडतील तुला. व्हिसा त्यांच्या हातात आहे."

"धाडू देत. आई विचारेल, शर्यत संपते तिथे काय असतं? काय सांगू तिला? मी बघितलंच नाही."

चाचांनी आरशात मागचा रिकामा रस्ता पाहिला. मग ते खिडकीतून ओरडले, "मग असा रमतगमत काय चाललायस? यल्ला, पळ की!"

शहराच्या कडेला, अल गराफा वस्तीपाशी शर्यत संपत होती. गेमेचू एकटाच येताना दिसला, तसे साहेब गरजले, "फीत खाली घ्या! ही सुरेशसाठी आहे!"

फीत खाली गेली. गेमेचूने नुसती फक्कीची पांढरी रेघ ओलांडली. मागोमाग चाचा गाडीतून उतरले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एक्कावन्न मिनिटं, चाळीस सेकंद!"

"उस्मान! याचं नाव यादीत नाही. काही लिहायचं नाही."

"लिहीत नाही, साहेब. पण तोंडातून गेलं, ते आता परत कसं गिळू?"

साहेब गेमेचूकडे वळले. "उद्यापासून मेसमध्ये दिसू नकोस."

गेमेचू गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. त्याने मान डोलावली. दूरवर सुरेश ठिपक्याएवढा दिसू लागला होता. फीत धरणाऱ्या दोघांनी ती पुन्हा उचलून धरली.

रेघ आखून उरलेली फक्की तिथेच घमेल्यात होती. गेमेचूने मूठ भरली. रेघेच्या पुढे, डांबरावर, तो उकिडवा बसला आणि हातभर लांबीचे आकडे काढू लागला. पाच, एक, चार, शून्य. कुणी त्याला अडवलं नाही. शून्याचं तोंड नीट जुळलं नव्हतं. त्याने आणखी एक चिमूट घेतली आणि ते जुळवलं.