पैलतीरीची होडी

समार बेटावरच्या आडवळणाच्या गावांतून रोमेल पाठीवर पिशवी टाकून, पै-पै वाचवत, एकटाच हिंडत होता. एका अंगणात शवपेटीजवळ माणसे पत्ते खेळत बसलेली दिसली आणि त्याची भूक जागी झाली. मयताच्या घरी परक्यालाही जेवू घालतात, हे मनिलात वाढलेल्या त्यालाही ठाऊक होते. मान खाली घालून तो आत शिरला.

शेवयांची बशी पुढे करत मृताच्या म्हाताऱ्या बायकोने विचारले, "आमच्या सेतोची नि तुझी ओळख कुठली रे, बाळा?"

"त्यांनी मला एकदा होडीतून पलीकडे सोडलं होतं, नानाय," तो बोलून गेला.

पत्ते थांबले. "सेतो आणि होडी?" एक जण हसला. "डबकं दिसलं तरी वळसा घालणारा गडी तो."

खरे सांगण्याची ती वेळ होती. पण रोमेलच्या तोंडात घास होता.

"जन्मभर मी त्याला म्हणत होते, एकदा तरी होडीत बस," म्हातारीचे डोळे उजळले. "मला चोरून बसला, लबाड. घाबरला होता का रे?"

"नाही, नानाय."

तिने त्याची बशी पुन्हा भरली.

मयताहून निघाल्यावर वाटेत कुठेतरी टेकावे, म्हणजे मागे लागलेली मयताची सावली तिथेच गळून पडते, अशी तिकडची रीत. रोमेल धक्क्यावर टेकला. नावाड्याने विचारले, "पलीकडे यायचं का, दादा?" त्याला होडीत पाय टाकवेना. उठून तो झाडाखाली टेकला, मग चर्चच्या पायरीवर. लाज मात्र कुठेच गळून पडली नाही.