नियमात बसलेली खोली

गुमसिलबाईंना हौस एकच, नियमात राहायची. घरदलालीची परीक्षा पन्नाशीत आणि तीही चौथ्या खेपेला पास झालेल्या बाईला दुसरी हौस परवडते कुठे!

कोरियातल्या जॉन्जू शहरात, विद्यापीठामागे त्यांचं दुकान. मुलांना भाड्याच्या खोल्या मिळवून द्यायच्या, एवढाच धंदा. गेल्या उन्हाळ्यात एका जाहिरातीत परवाना क्रमांक लिहायचा राहिला आणि पालिकेचा ठपका बसला. वर्षात दुसरा ठपका आला की दुकान तीन महिने बंद, असंही बजावलं. तेव्हापासून बाई प्रत्येक फोटोवर आपलं नाव, पत्ता, क्रमांक ठळक छापू लागल्या. मदतनिसाच्या नावाने जाहिरात केलेली चालत नाही, म्हणून नाव बाईंचंच. जाहिरातींच्या अ‍ॅपवरचं खातं मात्र मदतनीस हेरिमच्या मोबाइल नंबरावर उघडलेलं. इथेच माशी शिंकली.

हेरिम लग्न करून गेली, तिने नंबर बदलला आणि नवा काही कळवला नाही. फेब्रुवारीत, खोल्यांच्या ऐन हंगामात, तिसऱ्या मजल्यावरची उन्हाची खोली भाड्याने गेली. खोली गेली की जाहिरात उतरवायची, हा नियम. बाई तातडीने बसल्या. पासवर्ड चुकला, पुन्हा चुकला. मग अ‍ॅप म्हणालं, तुमच्या नंबरावर पाठवलेला कोड लिहा. तो नंबर आता मोक्पो गावच्या एका मासेवाल्याकडे होता. बाईंनी त्याला फोन लावला.

"दादा, तुमच्या मोबाइलवर सहा आकडी कोड आलाय बघा. तेवढा सांगता का?"

"सांगतो की! बँकेचं पासबुकही पाठवू का सोबत?"

"अहो, मी चोर नाही हो. मी घरदलाल आहे."

"मागच्या महिन्यात सरकारी वकील होता, आता घरदलाल! उतरती कळा लागली की तुमच्या टोळीला!" त्याने फोन ठेवला.

बाईंना त्याचा राग तरी कुठल्या तोंडाने येणार? 'फोनवर कोणालाही कोड सांगू नका' हे पोलिसांचं पत्रक त्यांनी स्वतःच दुकानाच्या काचेवर चिकटवलेलं होतं.

शनिवारी एक आई मुलीला घेऊन आली. तीन तासांचा बसप्रवास, हातात गादीची वळकटी.

"खोली गेली," बाई म्हणाल्या.

"गेली? मघाशी बसमध्ये पाहिली मी! आधी उन्हाची खोली दाखवायची आणि मग अंधारातली गळ्यात मारायची, होय ना?"

"तसं नाही हो ताई, ती जाहिरात मला उतरवता येत नाहीये."

"नाव तुमचं, फोटोवर क्रमांक तुमचा, आणि तुम्हालाच उतरवता येत नाही?" आई हसली. मुलीचा हात धरून निघून गेली. तक्रार करीन म्हणाली नाही, हेच नशीब.

 आज ही गेली, उद्याची थोडीच गप्प बसेल? त्यांनी पालिकेच्या कारकुनाला फोन केला, सगळं रडगाणं गायलं.

"जाहिरातीवर नाव कोणाचं?"

"माझं."

"मग जबाबदारी तुमची. खोट्या खोलीची रीतसर तक्रार गेली, तर अ‍ॅपवाले स्वतःच उतरवतात."

"तक्रार कोणी करायची?"

"कोणीही करा."

बुडत्याला काडीचा आधार! बाईंनी तक्रारीचा अर्ज उघडला. तक्रार कोणाविरुद्ध? मा गुमसिल, म्हणजे त्या स्वतःच. परवाना क्रमांक? तो तर तोंडपाठ होता. शेवटी फोटोही जोडला. कितीतरी दिवसांनी त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

सोमवारी अ‍ॅपवाल्यांचं उत्तर आलं. 'जाहिरातीत दलालाचं नाव, पत्ता, क्रमांक सर्व बरोबर आहे. नियमभंग आढळला नाही. जाहिरात चालू राहील.'

दुपारी कारकुनाचा फोन आला. अर्जाची एक प्रत आपोआप पालिकेकडे जाते, हे त्याने आत्ता सांगितलं.

"खोली गेलेली, जाहिरात चालू. आम्ही तपासलं, खरं आहे. वर्षातला दुसरा ठपका."

"अहो साहेब, ती तक्रार मीच केली होती! उतरावी म्हणून!"

"बाई, तक्रार कोणी केली हे आमच्याकडे लिहीत नाहीत," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. "तसा नियम आहे."

बाईंनी हीटर विझवला. दारावर तीन महिन्यांची सूचना लावायची होती. तिच्यावरही त्यांनी सवयीने आधी नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक लिहिला, आणि मग त्यांना रडू आवरेना.